तुमचे प्रश्न : कोपऱ्यावर हॉटेल आलं, प्लॉट महागला!

बेळगावच्या चारी बाजूंना नवी उपनगरं वाढत आहेत. जाहिरातींत आता रस्ता-पाण्याच्या आधी कॅफे, फॅमिली रेस्टॉरंट, जिम आणि टर्फ ही नावं येतात. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्याबद्दलचेच आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र दिली आहेत.

पिरनवाडीच्या पुढे मच्छेच्या बाजूला ३० बाय ४० चा प्लॉट बघतोय. कोपऱ्यावर दोन कॅफे आणि एक फॅमिली रेस्टॉरंट सुरू झालंय, म्हणून एजंट चौरस फुटाला २०० रुपये जास्त सांगतो. द्यावेत का?
— एक वाचक, अनगोळ

आधी हिशेब. १,२०० चौरस फूट गुणिले २०० म्हणजे २,४०,००० रुपये. ही रक्कम गृहकर्जात धरली, तर ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी लाखाला साधारण ९०० रुपये हप्ता पडतो. म्हणजे महिन्याला २,१६० आणि वीस वर्षांत मिळून पाच लाख अठरा हजार. शिवाय खरेदीखर्च याही रकमेवर चढतो. आता स्वतःला विचारा, महिन्यातून चार वेळा जेवायला टिळकवाडीला जाऊन यायला पेट्रोल किती लागतं? एवढं नक्कीच लागत नाही. त्यामुळे 'जवळ हॉटेल' या एकाच कारणासाठी २०० रुपये देऊ नयेत.

तरीही एजंटचं म्हणणं सगळं खोटं नाही. हॉटेलमुळे भाव वाढतो तो जेवणामुळे नाही. रात्री साडेनऊ-दहापर्यंत दिवे आणि माणसं असली की रस्ता निर्मनुष्य वाटत नाही. क्लासवरून येणारी मुलगी, सेकंड शिफ्ट करून उद्यमबागहून परतणारा माणूस, यांच्या घरच्यांना त्याची किंमत कळते. दुसरी गोष्ट म्हणजे, हॉटेलवाला जागा घेण्यापूर्वी त्या भागाची पाहणी करून आलेला असतो. आसपास पुरेशी घरं आहेत, पाणी आहे, थ्री-फेज वीज मिळते, गाडी लावायला जागा आहे, हे बघूनच तो पैसे घालतो. म्हणजे हॉटेल आलं म्हणून वस्ती होते असं थोडंच. बहुतेक वेळा वस्ती झाली म्हणून हॉटेल येतं. वस्ती दिसत नसताना तीन-तीन हॉटेलं दिसत असतील, तर भाडं कोण भरतंय हे विचारायला हवं. प्लॉट विकले जाईपर्यंत लेआउटवाल्यानेच गाळे फुकट दिले आहेत, असं निघू शकतं.

हॉटेल टिकणार का, हे बाहेरून ओळखता येतं. धंद्यातला ठोकताळा असा की भाडं विक्रीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर सोसतं, वीसवर गेलं की वर्ष निघणं कठीण. समजा गाळ्याचं भाडं ४०,००० आहे. मग महिन्याला चार लाखांची विक्री हवी, म्हणजे दिवसाला साधारण १३,३००. माणशी बिल १५० धरलं, तर रोज ८८-९० गिऱ्हाईक हवं. एक मंगळवार आणि एक शनिवार, संध्याकाळी सात ते साडेनऊ समोर चहा पीत बसा आणि आत जाणारी डोकी मोजा. पार्सल घेऊन जाणारेही धरा. मंगळवारी वीस-पंचवीसच्या वर आकडा जात नसेल, तर ते हॉटेल पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहील या भरवशावर प्लॉट घेऊ नका. फक्त शनिवार बघणं हीच मोठी चूक होते, कारण शनिवारी सगळीच हॉटेलं भरलेली दिसतात.

मच्छे भागात आणखी एक गोष्ट बघायची. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ तिथंच आहे. मेस, नाष्टा सेंटर, झेरॉक्सची दुकानं विद्यार्थ्यांवर चालतात आणि सुट्टीत निम्मी बंद दिसतात. मे महिन्यात एक चक्कर मारली, तर कुटुंबांच्या जोरावर काय चालतं ते कळेल.

मग पैसे कशासाठी द्यावेत? प्लॉटपासून पायी दहा मिनिटांत, म्हणजे साधारण सातशे-आठशे मीटरमध्ये, काय आहे याची यादी करा. दूध, किराणा, गिरण, मेडिकल, नाष्ट्याचं एक साधं दुकान, बसथांबा, डॉक्टर. रोज लागणाऱ्या या गोष्टी रेस्टॉरंटपेक्षा जास्त काळ टिकतात, आणि त्यातलं एक दुकान बंद पडलं तर महिन्याभरात त्याच जागी दुसरं येतं. यातल्या पाच जरी असल्या, तर चौरस फुटाला पन्नास-शंभर जास्त द्यायला हरकत नाही, असं आमचं मत. बाकीचे शंभर रुपये गटार आणि पाण्याची लाइन कागदावर नसून जमिनीत असेल, तरच.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट बुक करायचा विचार आहे. तळमजल्यावर रेस्टॉरंट येणार, बिल्डर हे 'खास आकर्षण' म्हणून सांगतो. त्रास होईल का? काय तपासू?
— एक वाचक, भाग्यनगर

हॉटेल शेजारच्या इमारतीत असणं निराळं आणि पायाखाली असणं निराळं. त्रास होईलच असं नाही, पण तो टाळायची सोय बांधकामाच्या वेळीच करावी लागते. नंतर करायची म्हटली तर भिंती फोडाव्या लागतात. म्हणून आत्ताच मंजूर नकाशा मागा आणि पुढच्या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पहिला प्रश्न धुराचा. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टचा पाइप सरळ उभा गच्चीच्या वर, कठड्यापेक्षा निदान माणूसभर उंच गेला पाहिजे. तो बाथरूमच्या डक्टमध्ये सोडलेला असेल, तर फोडणीचा वास तुमच्या न्हाणीघरात येणार, हे लिहून घ्या. पाइपला जितके कोपरे, तितका तेलाचा थर साचतो, आणि तंदूरची ठिणगी त्यात गेली की पाइप आतून पेट घेतो. फिल्टर काढून गरम पाण्याने धुवायला आठवड्यातून एकदा हात पोहोचेल अशी जागा हवी. बेळगावला पावसाळ्याचे चार महिने वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. म्हणजे धुराड्याच्या पूर्वेकडचे फ्लॅट त्या काळात वास खातात. निवड करता येत असेल, तर धुराड्याच्या पश्चिमेचा फ्लॅट घ्या. पंखा स्लॅबला थेट बोल्टने आवळलेला असेल तर घरघर वर येते. खाली जाड रबरी पॅड हवेत.

दुसरा प्रश्न सांडपाण्याचा, आणि सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. हॉटेलच्या मोरीचं पाणी गरम असतं. त्यातलं तेल पातळ राहून पाइपात शिरतं, पुढे थंड होतं आणि चिकटून बसतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तर मेणासारखं. मग इमारतीची लाइन तुंबते आणि सांडपाणी उलटं येतं. यावर उपाय एकच: हॉटेलची ड्रेनेज लाइन वेगळी आणि इमारतीच्या चेंबरला मिळण्यापूर्वी त्यावर ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-चरबी अडवणारी टाकी. सिंकखाली ठेवलेला प्लास्टिकचा डबा चाळीस खुर्च्यांच्या हॉटेलला पुरत नाही. जमिनीत बांधलेला, दोन कप्प्यांचा, झाकण उघडून साफ करता येणारा ट्रॅप लागतो. दर आठवड्याला वरचा थर काढला नाही, तर ट्रॅप असून नसल्यासारखा.

पाण्याचं गणितही करून बघा. बांधकामाच्या भारतीय मानकात हॉटेलला खुर्चीमागे दिवसाला ७० लिटर आणि घरात माणशी १३५ लिटर धरतात. चाळीस खुर्च्यांना २,८०० लिटर, म्हणजे चौघांच्या पाच कुटुंबांइतकं पाणी. ते एकाच बोअरवर असेल, तर एप्रिलमध्ये टँकरचं बिल कोण भरणार हे आधी ठरवा. हॉटेलला वेगळी टाकी आणि वेगळा मीटर हवा.

गॅस: हॉटेलचे सिलिंडर १९ किलोचे असतात. परवान्याशिवाय १०० किलोपर्यंत साठा चालतो, म्हणजे पाच सिलिंडर. पाचपेक्षा जास्त दिसले की परवाना विचारा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो खाली साचतो, म्हणून सिलिंडर बेसमेंटमध्ये किंवा बंदिस्त पार्किंगमध्ये ठेवलेले कधीही चालवून घेऊ नका. उघड्यावर, जाळीच्या खोलीत हवेत.

आवाजाचा नियम २००० सालचा आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. व्यापारी भागात ६५ आणि ५५. पण खरं सांगायचं तर त्रास स्पीकरपेक्षा रात्री अकराला भांडी घासण्याचा आणि शटर ओढण्याचा जास्त होतो. सकाळी सहाला येणाऱ्या दुधाच्या आणि भाजीच्या गाड्या वेगळ्या. माल उतरवण्याची जागा तुमच्या बेडरूमखाली आहे का ते नकाशात बघा.

आणि 'खास आकर्षण' हे शब्द जपून ठेवा. ब्रोशर, व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र, सगळं. रेरा, म्हणजे घर-प्लॉट विक्रीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १२ नुसार खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं, तर भरपाई किंवा व्याजासह पैसे परत मागता येतात. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरने घेऊ नये, हेही त्याच कायद्यात आहे. करारात गाळ्याचा वापर, पार्किंगची वाटणी, मेंटेनन्समधला हॉटेलचा हिस्सा आणि बोर्ड लावायची जागा लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पार्किंग पहिल्या रविवारीच मोडतं.

हिंडलग्याच्या पुढे वेंगुर्ला रोडला आमचा एक एकर आहे. भाऊ मिळून लेआउट टाकलाय, पण प्लॉट उठत नाहीत. समोर चार गाळे बांधून एक चांगलं रेस्टॉरंट आणलं तर गिऱ्हाईक येईल का?
— दोन भाऊ, सुळगा

येईल, पण रेस्टॉरंटपासून सुरुवात करू नका. घर बघायला नवरा-बायको सहसा सकाळी दहा-अकरा किंवा उन्हं उतरल्यावर येतात. त्या वेळी रेस्टॉरंटचं शटर खाली असतं, आणि बंद शटर प्लॉटवर सगळ्यात वाईट छाप पाडतं. इडली-पोहे-चहाचं स्वच्छ नाष्टा सेंटर सकाळी साडेसहाला उघडतं आणि रात्री आठपर्यंत काही ना काही चालू असतं. भांडवल कमी, भाडं झेपतं, पडझड कमी. दुसऱ्या गाळ्यात दूध-किराणा, तिसऱ्यात गिरण किंवा मेडिकल. चौथा रेस्टॉरंटसाठी राखून ठेवा आणि निम्म्या प्लॉटवर घरं उभी राहिली की द्या. तोवर बोर्ड लावायची घाई नको.

गाळे बांधण्यापूर्वी जमिनीचा आदेश काढून वाचा. कर्नाटकात शेतजमीन बिगरशेती होते ती ठरावीक कारणासाठी. आदेश निवासी असेल, तर त्यावर व्यापारी गाळे काढायला वेगळी मंजुरी लागते. अशी मंजुरी नसेल तर दुकानाचा व्यापार परवाना अडतो, आणि भाडेकरू तीन महिन्यांत निघून जातो. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. ५०० चौरस मीटरच्या वरच्या लेआउटला रेरा नोंदणी लागते, नोंदणीपूर्वी जाहिरातही करता येत नाही. तुम्ही आत्ताच फलक लावला असेल तर तो उतरवा आणि क्रमांक मिळाल्यावर, तो छापूनच, परत लावा.

गाळ्याची लांबी-रुंदी ठरवताना हॉटेलवाल्याला एकदा विचारलं तर पुढची तोडफोड वाचते. दहा बाय पंधराच्या गाळ्यात नाष्टा सेंटर मावतं, रेस्टॉरंट नाही. रेस्टॉरंटला दोन गाळे जोडता येतील अशी मधली भिंत छताचा भार न पेलणारी ठेवा. मागे मोरी आणि पाणी सुटायला जागा, जमिनीला उतार, थ्री-फेजसाठी हेस्कॉम या वीज कंपनीकडे आधीच अर्ज, आणि दर्शनी भागात निदान सहा मोटारी व पंधरा दुचाकी मावतील एवढी मोकळी जागा. वेंगुर्ला रोडवर गाड्या वेगात असतात. वळायला जागा नसेल तर चांगल्या हॉटेलसमोरूनही गिऱ्हाईक सरळ शिनोळीकडे निघून जातं.

भाड्याचा करार: अकरा महिन्यांचा कागद केला, तर हॉटेलवाला स्वयंपाकघरात पैसे घालत नाही, आणि प्लॉट घेणाऱ्यालाही त्याची खात्री देता येत नाही. पाच वर्षांचा, नोंदणीकृत, त्यात दोन वर्षं कुणीही न सोडण्याची अट, आणि सुरुवातीचे तीन महिने भाडं माफ. हे तीन महिने तुमच्या जाहिरातीच्या खर्चात धरा. वर्षाकाठी संपूर्ण पानाच्या जाहिरातींपेक्षा ते स्वस्त पडतं.

बार अँड रेस्टॉरंटला जास्त भाडं मिळतं हे खरं. पण कुटुंबासाठी घर बघणारी माणसं दारात परमिटचा बोर्ड दिसला की गाडी वळवतात. गाळ्याचं जास्तीचं भाडं आणि न उठलेले प्लॉट, यांचा हिशेब एकत्र करा.

चंदगडकडून येऊन बेळगाव परिसरात जागा घ्यायची आहे. तिथं चांगली हॉटेलं, शाळा सुरू आहेत, त्यामुळे लेआउट अधिकृतच असणार असं सगळे म्हणतात. खरं का?
— एक वाचक, चंदगड तालुका

नाही. हॉटेलचा व्यापार परवाना आणि अन्न परवाना धंद्याचे असतात. त्यावरून लेआउट मंजूर आहे असं सिद्ध होत नाही.

तुमच्याकडे सात-बारा, इकडे आरटीसी. लोक पहाणी किंवा उतारा म्हणतात. प्लॉट ग्रामपंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा) फॉर्म ९ आणि फॉर्म ११ मागा. मंजूर लेआउटला ११-अ मिळतो. ११-ब असेल तर लेआउटला मंजुरी नाही असं समजा. अशा प्लॉटवर बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असेल तर बुडाचा मंजूर नकाशा आणि त्यावर बाग, रस्ते आणि सी.ए. साइट (सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा) कुठे दाखवली आहे ते बघा. 'इथं पुढे क्लब हाउस येणार' म्हणून दाखवलेली जागा कधी कधी नकाशात बागेची निघते. मग तिथं क्लब हाउस होणं शक्यच नसतं. मास्टर प्लॅनमधला नियोजित रस्ता प्लॉटच्या कोपऱ्यावरून जातो का, हेही तिथंच कळतं.

बोजा आहे का ते नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून इ.सी. (बोजा प्रमाणपत्र) काढून बघा. व्यवहार असतील तर फॉर्म १५, काही नसेल तर फॉर्म १६ येतो. ऑनलाइन नोंदी ज्या वर्षापासून दिसतात त्याच्या आधीचं उपनिबंधक कार्यालयातून मागा. निदान तीस वर्षांचं बघावं. खरेदीपत्र कन्नडमध्ये असतं. तुमच्या ओळखीच्या, विकणाऱ्याच्या नव्हे, वकिलाकडून मराठीत वाचून घेतल्याशिवाय अंगठा-सही करू नका. चतुःसीमा, सर्व्हे नंबर आणि क्षेत्र या तीन गोष्टी स्वतः ताडून बघा.

खर्च: प्लॉटला मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ ऐवजी २ टक्के. सगळं मिळून ७.६ टक्क्यांच्या आसपास. चोवीस लाखांच्या प्लॉटला सुमारे १ लाख ८२ हजार. सरकारी दर करारातल्या किमतीपेक्षा जास्त असेल तर शुल्क सरकारी दरावर लागतं.

आमच्या नव्या कॉलनीच्या तोंडाशी दारूचं दुकान येतंय असं ऐकतो. भाव पडेल का? थांबवता येतं का?
— कॉलनीतले रहिवासी, कंग्राळी भाग

लगतच्या दहा-पंधरा घरांचा उठाव कमी होतो, आतल्या घरांना फारसा फरक पडत नाही. शाळा, देवस्थान किंवा हॉस्पिटलपासून १०० मीटरच्या आत परवाना देऊ नये असा कर्नाटक अबकारी नियम आहे. अंतर टेपने मोजून, फोटो आणि नकाशासह अबकारी उपायुक्त आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. परवाना निघण्यापूर्वीची हरकत आणि दुकान उघडल्यानंतरचा मोर्चा यांत पहिलीचं वजन जास्त. अर्ज कॉलनीच्या नावाने, चाळीस सह्यांचा असावा.

निपाणीजवळ हायवेला मोठे ढाबे आहेत, त्यांच्यामागे प्लॉट स्वस्तात मिळतायत. पुढे वाढेल का?
— एक वाचक, कोगनोळी

ढाबा प्रवाशांवर चालतो, वस्तीवर नाही. त्यामुळे ढाब्याच्या गर्दीवरून मागच्या प्लॉटचा अंदाज बांधू नका. सहापदरी रस्त्याच्या कामात एखादा उड्डाणपूल किंवा बंद दुभाजक आला, की समोर दिसणाऱ्या ढाब्यापर्यंत जायला दोन किलोमीटरचा वळसा पडतो, तुम्हालाही. प्लॉटचा रस्ता सर्व्हिस रोडला कुठे मिळतो आणि त्या तोंडाला महामार्ग खात्याची परवानगी आहे का, ते आधी. हायवेकडेच्या खिडक्या रात्रभर बंद ठेवाव्या लागतील, हेही धरा.

नव्या भागात सोयी किती पोहोचल्या आहेत हे पटकन ओळखायची काही युक्ती?
— एक वाचक, वडगाव

प्लॉटवर उभे राहून रात्री साडेआठला स्विगी किंवा झोमॅटो उघडा. किती हॉटेलं पार्सल द्यायला तयार आहेत, वेळ किती दाखवतात, ते बघा. चाळीस मिनिटांच्या वर वेळ दाखवत असेल, तर मधे खराब रस्ता, रेल्वे फाटक किंवा अंधार असू शकतो. एक मसाला डोसा मागवून बघा. डिलिव्हरीच्या मुलाने फोन करून तीनदा पत्ता विचारला, तर ॲम्ब्युलन्सलाही तोच त्रास होणार. त्याच मुलाला विचारा, पावसात या रस्त्यावर पाणी कुठे साचतं. वडगाव-येळ्ळूर बाजूला, बळ्ळारी नाल्याच्या जवळ असाल, तर हा प्रश्न विसरूच नका. त्याला माहीत असतं.